झाकणे आणि हाकलणे: मंडळी पापाकडे गांभीर्याने कधी पाहते?

मागच्या व्याख्यानात आपण 'पाप' या शब्दाचा अर्थ पाहिला. नव्या करारात त्यासाठी वारंवार येणारा ग्रीक शब्द आहे 'हामार्तिया', म्हणजे मुळात नेम चुकणे. पण तेवढ्यावर थांबलो तर पाप म्हणजे नुसती चूक असं वाटू लागतं. ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे बिघडलेलं नातं, देवाशी आणि त्याच वेळी शेजाऱ्याशीही. पाप-पुण्याचा जमाखर्च मांडण्याची सवय असलेल्या आपल्या मराठी कानांना हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो. जमेच्या बाजूला दानधर्म लिहिला, म्हणून तुटलेलं नातं आपोआप सांधत नाही.

आजचा प्रश्न त्याच्या पुढचा. मंडळीत कोणाचं पाप उघडकीला आलं, तर मंडळीनं काय करायचं? साधारणपणे दोन रीती दिसतात: झाकणे आणि हाकलणे. पहिली मऊ वाटते, दुसरी कडक. आमचं म्हणणं असं की दोन्हींत पापाकडे गांभीर्याने पाहिलेलंच नसतं. झाकणारा म्हणतो, काही घडलंच नाही. हाकलणारा म्हणतो, घडलं, पण ते त्याचं. आमचा संबंध नाही. दोघेही कष्टातून सुटतात.

आता करिंथची मंडळी घ्या. पौलाच्या पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आपल्या बापाच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या एका माणसाची हकिकत आहे. पौल त्या माणसाला दोषी ठरवतोच, पण झाडतो तो मंडळीला; कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि शोक करायचा सोडून ते फुशारकीत होते. त्याला आपल्यातून दूर करा, असं तो सांगतो. पुष्कळांचं वाचन इथेच थांबतं. पण दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच पौल एका दोषी माणसाबद्दल लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे. आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा पहिलाच मनुष्य, असं जुनी परंपरा मानते. अनेक आधुनिक अभ्यासक मानत नाहीत. काही असो, शिस्तीचा रोख परत आणण्याकडे आहे, एवढं दोन्ही पत्रं मिळून स्पष्ट होतं.

आणखी एक गोष्ट बघा. पहिल्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाचा विषय आहे. काही जण आधीच खाऊनपिऊन तृप्त, आणि ज्यांच्याजवळ काही नाही ते उपाशी. पौल याला गैरशिस्त म्हणून सोडून देत नाही. हा देवाच्या मंडळीचा अपमान आहे असं मानतो. तेव्हा पाप म्हणजे फक्त शय्येचं पाप, ही समजूत करिंथलाच मोडते. आपल्याकडे एकाच भाकरीचे भागीदार म्हणवणारे सोयरीक जमवताना जात विचारतात, ते पापाच्या यादीत येतं की रीतिरिवाजाच्या?

दोनशे वर्षांनी कार्थेजमध्ये हाच पेच आला. सम्राट डेसियसच्या काळात, 250 च्या सुमारास, देवांना बळी अर्पण केल्याचा दाखला प्रत्येकाला घ्यावा लागे. कोणी भिऊन बळी दिला, कोणी पैसे मोजून नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दाराशी आले. कोणी म्हणाले, लगेच आत घ्या. रोममधल्या नोव्हेशियनचा पक्ष म्हणाला, कधीच नाही. बिशप सिप्रियन यांच्या पुढाकाराने 251 मध्ये कार्थेजला सभा भरली. तिनं दाखला घेणारे आणि बळी देणारे यांत फरक केला, प्रायश्चित्त ठेवलं, पण दार कायमचं लावलं नाही. हा मार्ग कष्टाचा होता, कारण प्रत्येकाची हकिकत वेगळी ऐकावी लागली.

विसाव्या शतकात जर्मनीत डीट्रिख बोनहॉफर यांनी 1937 च्या पुस्तकात 'स्वस्त कृपे'वर टीका केली. पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटत सुटणं, म्हणजे पापी मोकळा होण्याऐवजी पापच मोकळं सोडणं, असा त्यांचा आशय. पण याच बोनहॉफरनी 1939 च्या पुस्तकात बंधूंनी एकमेकांजवळ पाप कबूल करण्यावर भर दिला. पाप लपलं की माणूस एकटा पडतो. ज्या मंडळीत सगळ्यांनी धार्मिकच दिसायचं असतं, तिथे बोलणार कोण?

मग आपण काय तपासावं? पहिलं, मंडळीत नाव कोणाचं घेतलं जातं? गरीब मुलीचं चटकन आणि देणगीदाराचं कधीच नाही, असं असेल तर तिथे पापाचा नव्हे, पतीचा विचार चालतो. दुसरं, ज्याचं नुकसान झालं त्याला कोणी विचारलं का? जक्कयानं चौपट परत करायची तयारी दाखवली. पश्चात्तापाला हिशेबही असतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आधी एकांतात भेटायला सांगितलं आहे, म्हणून पीडित लेकराला अत्याचाऱ्यापुढे बसवायचं नसतं. तिथे पोलिसांकडे जाणं हे मंडळीचंच कर्तव्य आहे. 'मंडळीची अब्रू' म्हणून ते टाळणं म्हणजे झाकणंच. आणि तिसरं, परत यायची वाट आहे का? परत येणं म्हणजे जुनं पद परत मिळणं नव्हे. अधिकार काढून घेऊनही माणसाला सोबत देता येते.

क्षमा केल्यावर न्यायाचं काय उरतं, हा प्रश्न यातून निघतोच. तो आपण पुढच्या व्याख्यानात घेऊ.