दीपप्रकाशातील मुखदर्शन आणि एक स्थिर भिंग

कार्तिक शुद्ध पौर्णिमा म्हणजे त्रिपुरारी पौर्णिमा. तारकासुराच्या तीन पुत्रांची तीन पुरे होती. सुवर्णाचे स्वर्गात, रौप्याचे अंतरिक्षात आणि लोहाचे पृथ्वीवर. सहस्र वर्षांनी ती एकत्र येतील, त्या क्षणी एकाच बाणाने जो त्यांचा भेद करील त्याच्याच हातून आपला अंत व्हावा, असा त्यांना वर होता. भगवान शंकरांनी तो क्षण नेमका साधला. महाभारताच्या कर्णपर्वात ही कथा विस्ताराने आली आहे. त्या विजयाचे स्मरण म्हणून या रात्री देवळांपुढील दीपमाळा उजळतात, नदीच्या पात्रात दिवे सोडले जातात, आणि घरोघरची वडीलधारी माणसे वातींच्या उजेडात हात जोडून उभी असतात.

या दर्शनाचे छायाचित्र घ्यावे अशी इच्छा आता प्रत्येक घरात असते, आणि ती रास्तच आहे. आज ओटीवर बसून ओव्या म्हणणारी आजी पुढील त्रिपुरीस असेलच, हे कोणी सांगावे? परंतु चित्र हाती येते ते निराशेचे. एक तर काळोखात चेहरा हरवलेला असतो, नाही तर फ्लॅशच्या झोताने दिव्याचे तेजच मावळलेले असते. मोबाइलमध्ये रात्रीसाठी सोय असते, पण तो अनेक चित्रे एकत्र करून एक चित्र घडवितो. टाळ वाजविणारा हात तेवढ्यात हलतो आणि पुसट होतो. दोष भक्तीचा नाही, कॅमेऱ्याचाही फारसा नाही. दोष आहे भिंगाच्या लहान डोळ्याचा.

उजेडाचे गणित

कॅमेऱ्याबरोबर जे भिंग येते ते बहुधा झूम असते. दूरचे जवळ आणण्याची सोय त्यात असते, परंतु उजेड आत घेण्याचे त्याचे छिद्र, ज्यास ॲपर्चर म्हणतात, ते लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. याउलट प्राइम भिंगाचे नाभीय अंतर स्थिर असते. त्याची रचना एकाच कामासाठी केलेली असल्याने थोड्या किमतीतही त्याचे छिद्र एफ १.८ पर्यंत उघडता येते. ५.६ ला १.८ ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तर उत्तर साडेनऊच्या पुढे जाते. म्हणजे त्याच समईच्या उजेडात हे भिंग नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. झूमला जिथे सेकंदाचा पंधरावा भाग लागेल, तिथे याला सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. आणि हलत्या माणसाचे चित्र स्थिर येण्यास साधारण एवढाच वेग लागतो.

ही विद्या जुनी आहे. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या योसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने माणसांच्या चित्रांसाठी एफ ३.६ चे भिंग रचले. त्यापूर्वी बैठक देणाऱ्यास कितीतरी वेळ निश्चल बसावे लागे. १८९६ मध्ये जर्मनीच्या पॉल रुडॉल्फने झाइस कंपनीसाठी प्लानार भिंगाची रचना केली. आजची ५० मि.मी.ची स्वस्त भिंगे बहुतांशी त्याच कुळातील आहेत. शतकाहून अधिक काळ घासून पुसून सिद्ध झालेली रचना असल्यामुळेच ती थोडक्या पैशांत मिळतात.

पस्तीस की पन्नास?

पहिला प्रश्न हाच पडतो. सामान्य घरांतील कॅमेऱ्यांत चित्रफलक लहान असतो. त्यामुळे निकॉन व सोनीवर ५० चे भिंग ७५ प्रमाणे आणि कॅननवर ८० प्रमाणे दृश्य दाखविते. मुखचित्रासाठी हे उत्तम. चेहऱ्याचे नाक-कान प्रमाणात राहतात. पण नेवाशाच्या अरुंद गल्लीत दिंडी अंगावर येते, तेव्हा मागे सरकायला जागा नसते. तिथे ३५ चे भिंग हवे. फलक मोठा, म्हणजे फुल-फ्रेम, असेल तर मात्र ५० चे भिंग दोन्ही कामे निभावते.

खरेदीपूर्वी एक सोपी परीक्षा करावी. आपल्या झूमवर ३५ चा आकडा धरून वळी कागदी चिकटपट्टीने बांधावी आणि एक सायंकाळ गावातून, आळीतून फिरावे. दुसऱ्या सायंकाळी ५० वर बांधावी. कोणत्या आकड्यावर पाय अडखळले नाहीत, ते आपले भिंग. स्थिर भिंगात डोळा पुढे-मागे होत नाही, पायांनीच पुढे-मागे व्हावे लागते.

नावेही सांगून ठेवतो. कॅननचे ५० मि.मी. एफ १.८ एसटीएम २०१५ मध्ये आले. वजन अवघे १६० ग्रॅमच्या आसपास. त्याच जातीचे आरएफ भिंग २०२० पासून आरशाविना कॅमेऱ्यांसाठी मिळते. निकॉनचे ३५ मि.मी. डीएक्स एफ १.८ जी (२००९) आणि ५० मि.मी. एफ १.८ जी (२०११) ही परीक्षित आहेत. झेड जातीच्या लहान फलकासाठी २४ मि.मी. एफ १.७ (२०२३) आहे. ते ३६ प्रमाणे दृश्य देते. एफ १.४ च्या मोहात पडू नये. १.८ पेक्षा त्यात उजेड जेमतेम दीडपटीहून थोडा अधिक, आणि किंमत मात्र त्या प्रमाणाबाहेर वाढते.

जुने भिंग घेण्यास हरकत नाही, मात्र पारखून घ्यावे. बॅटरीचा उजेड आरपार टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहावे. दिसल्यास नमस्कार करून परत द्यावे. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावे. निकॉनच्या जुन्या ‘डी’ भिंगांत मोटार नसते. डी ३००० व डी ५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांवर ती आपोआप फोकस होत नाहीत, हे विक्रेता सांगेलच असे नाही.

वापराचा विवेक

एफ १.८ वर दीड मीटर अंतरावरून लहान फलकाच्या कॅमेऱ्यात ५० च्या भिंगाने चित्र घेतल्यास, स्पष्ट भाग जेमतेम चार बोटांएवढाच खोल राहतो. म्हणून नेम डोळ्यावर धरावा, नाकावर नव्हे. दोघे-तिघे एकत्र असतील तर त्यांना एका ओळीत घेऊन एफ २.८ पर्यंत यावे. संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, १६०० किंवा ३२०० ठेवण्यास भिऊ नये. थोडे रवाळ चित्र हललेल्या चित्रापेक्षा बरे. वातीचा पिवळेपणा पुसून पांढरा करू नये, तोच या रात्रीचा वर्ण आहे. भिंगावर संरक्षक काच असेल तर ज्योतींसमोर ती काढावी, अन्यथा एका दिव्याचे दोन दिसतात. याउलट कोरठणच्या खंडोबाला भंडारा उधळला जात असता ती काच अवश्य लावावी, कारण बारीक पूड भिंगाच्या नळीत शिरते.

सर्वांत मोठा विवेक मात्र माणसाचा. प्रवरेच्या उगमाजवळचे रतनवाडीचे अमृतेश्वर असो वा प्रवरासंगमी टोक्याचे सिद्धेश्वर, पाषाणाच्या देवळात उजेड मुळातच थोडा. त्या उजेडात डोळे मिटून बसलेल्यावर फ्लॅश मारणे म्हणजे त्याची समाधी मोडणे. देवस्थानने मनाई केली असेल तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. स्त्रियांचे, बालकांचे, अनोळखी वृद्धांचे चित्र घेण्यापूर्वी नजरेने तरी अनुमती घ्यावी, आणि घेतलेले चित्र त्यांना दाखवावे.

त्रिपुराच्या कथेत तीन पुरे एका ठायी येण्याचा क्षण अत्यल्प होता. वात, चेहरा आणि आपला नेम हे तिन्ही जुळण्याचा क्षणही तितकाच अल्प असतो. त्यासाठी महागडे शस्त्र लागत नाही. थोडक्या किमतीचे, स्थिर, मोठ्या डोळ्याचे एक भिंग आणि वाट पाहण्याचे धैर्य पुरते. या पौर्णिमेस आपल्या घरातील वृद्धांची मुखे दीपप्रकाशात उजळून निघोत, आणि ती पुढील पिढीस जशीच्या तशी दिसोत, ही त्रिपुरारी शंकराच्या चरणी प्रार्थना.