किरणोत्सर्गी सिझियम : जमीन धरते की पिकाला देते?



२६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. बाहेर पडलेले किरणोत्सर्गी पदार्थ वाऱ्याबरोबर दोन हजार कि.मी.हून दूर असलेल्या ब्रिटनपर्यंत पोहोचले. मे महिन्याच्या सुरुवातीस वेल्स व कंब्रियाच्या डोंगराळ भागात जोराचा पाऊस झाला आणि हे पदार्थ पावसाबरोबर मेंढ्यांच्या कुरणांवर उतरले. जूनमध्ये तेथे मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. काही आठवड्यांचाच प्रश्न आहे, असे मेंढपाळांना सांगण्यात आले होते. शेवटचे निर्बंध उठले ते २०१२ साली!

असे का झाले? अपघातानंतर पहिला धोका असतो आयोडीन-१३१ चा. ते गवतावर पडते, गाय ते गवत खाते, थोड्याच दिवसांत ते दुधात उतरते आणि दूध पिणाऱ्या मुलांच्या कंठग्रंथीत साठते. चेर्नोबिलच्या आसपास हे दूध सर्वत्र वेळीच थांबवले गेले नाही. त्या वेळी लहान असलेल्या हजारो जणांना पुढे कंठग्रंथीचा कर्करोग झाला. त्यात या दुधाचा वाटा मोठा होता. मात्र हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते व दोन-तीन महिन्यांत जवळजवळ संपते.

सिझियम-१३७ निम्मे होण्यास ३० वर्षे लागतात. गुणधर्माने ते पालाशचे भाऊबंद. त्यामुळे पिकाची मुळे पालाशबरोबर तेही उचलतात. परंतु चिकणमातीतील काही खनिजांच्या पापुद्र्यांत ते एकदा अडकले की सहसा सुटत नाही. तज्ज्ञांनी काही आठवड्यांचा अंदाज बांधला तो अशा जमिनींच्या अनुभवावरून. डोंगरावरील जमीन मात्र पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. ती आम्लधर्मी असून तिच्यात चिकणमाती फारच कमी. तेथे सिझियम मातीतून गवतात, गवतातून मेंढीत आणि लेंड्यांवाटे पुन्हा मातीत असे फिरत राहिले. मातीचा नमुना न पाहता शिफारस केली की काय होते, हे आम्हा कृषी पदवीधरांनी यावरून ध्यानात ठेवावे!

मेंढ्या दरीतल्या कुरणात आणून काही आठवडे चारल्या, की त्यांच्या अंगातील सिझियम बरेच कमी होई. मग त्या विकता येत.

युक्रेन व बेलारूसमध्ये खराब झालेल्या कुरणांची नांगरट करून पुन्हा गवत पेरले, चुना घातला व पालाशयुक्त खते वाढवून दिली. मुळांना पालाश भरपूर मिळाला की ती सिझियम कमी उचलतात. गाईंना प्रशियन ब्लू हे निळे रसायन खाद्यातून दिले. ते पोटातच सिझियमला बांधते व शेणावाटे बाहेर काढते, त्यामुळे दूध बरेच स्वच्छ मिळते.

जपानमध्ये २०११ साली फुकुशिमा येथे अपघात झाला. तेथील भात खाचरांसाठीही पालाशचाच उपाय निवडला गेला. दर १०० ग्रॅम मातीत विनिमयक्षम पालाश २५ मि.ग्रॅ. असावा, अशी शिफारस करण्यात आली. मुळातच पुरेसा पालाश असलेल्या जमिनीत आणखी खत टाकल्याने सिझियम फारसे घटत नाही. म्हणून तेथेही आधी माती परीक्षण आणि मगच खत.