पिवळा म्हणजे शेत, घर की ऑफिस?

वर्ध्याच्या शाळेत भूगोलाच्या तासाला स्थलनिर्देशक नकाशा नीट वाचलेली मुलगी उद्या पुण्यात मोठ्या कंपनीचं एंटरप्राइझ आर्किटेक्चर, म्हणजे तिच्या कामकाजाचा आणि संगणकप्रणालींचा एकत्रित आराखडा, मांडायला बसली, तर निम्मं काम तिला आधीच येत असतं. कसं, ते बघा!

● पाणी निळं, कोरडं पात्र काळं. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून नकाशे करतोय. त्यांच्या नकाशात पवनारची धाम नदी असो की गावचा नाला, पाणी असेल तिथे निळा रंग आणि पात्र कोरडं असेल तिथे काळा.

● रुळांचीही ओळख वेगळी. वर्धा जंक्शनवरची ब्रॉडगेज आणि पुलगाव-आर्वीची जुनी नॅरोगेज ‘शकुंतला’ रेल्वे, दोन्ही काळ्याच रंगात. फरक कळतो तो चिन्हावरून.

● एक पिवळा, अर्थ तीन. स्थलनिर्देशक नकाशात पिवळा म्हणजे शेतजमीन. शहराच्या विकास आराखड्यात तोच रहिवासी भाग होतो. आणि एंटरप्राइझ आर्किटेक्टच्या ‘आर्किमेट’ या चित्रभाषेत? तिथे पिवळा कंपनीच्या कामकाजाचा, निळा सॉफ्टवेअरचा, हिरवा सर्व्हर-नेटवर्कचा!

● पण हा फक्त रिवाज! नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या आर्किमेटचं मानक स्पष्ट सांगतं, की रंगांना ठरलेला अर्थ नाही. कुठला रंग कशासाठी, ते चित्र काढणाऱ्यानं ठरवायचं.

● कोपरे बघा. आर्किमेटच्या चौकटीचे कोपरे काटकोनी असतील तर ती माणसं, विभाग किंवा सिस्टिम. गोल असतील तर प्रक्रिया किंवा सेवा. तिरके छाटलेले असतील तर उद्दिष्टं आणि गरजा.

● बाणही बोलतात. आर्किमेटमध्ये सलग रेघेचा, भरीव टोकाचा बाण म्हणजे एक काम संपलं की दुसरं सुरू. तुटक रेघेचा, भरीव टोकाचा बाण म्हणजे इकडून तिकडे माहिती किंवा माल जातोय.

● लाल-हिरवं सगळ्यांना दिसत नाही. हा फरक न कळणाऱ्यांत पुरुष जास्त, कारण त्यामागचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. म्हणून ‘चालू’ हिरवं आणि ‘बंद’ लाल एवढ्यावर थांबू नका, जाड-बारीक रेघ किंवा वेगळा आकारही द्या.

● झेरॉक्सची परीक्षा. आराखड्याची काळी-पांढरी प्रत काढा. तरीही सगळं वेगवेगळं ओळखू आलं, तर चित्र पास!

आणि काहीही झालं तरी कोपऱ्यात खुणांची सूची द्याच. सूचीशिवाय रंगीत आराखडा दुसऱ्याला वाचता येत नाही.