टाके कमी, प्रश्न जास्त: ‘मिनी फेसलिफ्ट’ समजून घेऊ या

  आपल्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. राजुऱ्याच्या रस्त्यावर रेंज गेली आणि भाग अर्धाच राहिला, अशा सगळ्यांसाठी.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून आलाय. तो म्हणतो, “दादा, ताईचं लग्न ठरलंय. आईनं एक रील पाहिली. तासाभरात फेसलिफ्ट, कापाकापी नाही, दुसऱ्या दिवशी कामावर. नागपूरला जाऊन करून येऊ म्हणते. पप्पा म्हणतात, ‘कायले पाहिजे हे नखरे?’ मी मधात अडकलोय. काय सांगू?”

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. चेहरा आईचा आहे, निर्णयही तिचाच. पन्नाशीत आरशात बरं दिसावं असं वाटणं हा नखरा नाही. आपलं काम एवढंच, की तिच्या हातात रीलपेक्षा जास्त माहिती असावी. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण एखादी गोष्ट कशी चालते आणि कुठे तुटते, हे शोधायची सवय या कामानं लावली आहे. तेच आज करू.

चेहरा सैल का पडतो?

चेहऱ्याचे थर असतात. वर त्वचा, तिच्याखाली चरबी, त्याखाली एक पातळ पण मजबूत पडदा आणि त्याखाली स्नायू, नसा, हाडं. त्या पडद्याला डॉक्टर ‘स्मास’ म्हणतात. फ्रान्सच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं आणि फेसलिफ्टची पद्धतच बदलली. त्याआधी नुसती त्वचा ओढून शिवायचे. त्वचा लवचिक, ती परत सैल व्हायची. आता तो आतला पडदा वर उचलून बांधतात आणि त्वचा त्यावर ताण न देता बसवतात.

वयानुसार हाड झिजतं, चरबी खाली सरकते, पडदा ढिला पडतो, त्वचा पातळ होते. उन्हातली अतिनील किरणं, तंबाखू, झपाट्यानं कमी झालेलं वजन आणि पडलेले दात हे सगळं लवकर घडवतात. म्हणून “चेहरा उतरला” याचं कारण प्रत्येकात वेगळं असतं आणि उपायही वेगळा.

एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी

जाहिरातीत सगळ्यांना ‘नॉन-सर्जिकल’ किंवा ‘मिनी’ म्हणतात. प्रत्यक्षात हे चार प्रकार आहेत.

पहिला, इंजेक्शनं. बोटॉक्स स्नायू शिथिल करतं, असर साधारण तीन-चार महिने. फिलर म्हणजे जेल, खोलगट जागा भरायला. दोन्हींनी लोंबणारी त्वचा वर जात नाही.

दुसरा, मशीन. हायफू म्हणजे एका बिंदूवर गोळा केलेल्या ध्वनिलहरी. त्या साधारण साडेचार मिलिमीटर खोल, म्हणजे त्या पडद्यापर्यंत उष्णता पोहोचवतात. परिणाम दोन-तीन महिन्यांत हळूहळू दिसतो आणि तो सौम्य असतो.

तिसरा, थ्रेड लिफ्ट. विरघळणारे काटेरी धागे सुईनं त्वचेखाली घालून ओढतात. धाग्याचा पदार्थ शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आधीपासून वापरात आहे आणि तो काही महिन्यांत विरघळतो. उचल बहुतेकांमध्ये वर्षभराच्या आसपास ओसरते. आमच्या भाषेत हा हॉटफिक्स: आजचा प्रश्न झाकतो, मूळ कोड तसाच राहतो.

चौथा, खरा मिनी फेसलिफ्ट. कानासमोर छोटी चीर देऊन आतला पडदा टाक्यांनी वर बांधतात. ‘मॅक्स लिफ्ट’ नावाची यातली एक पद्धत बेल्जियमच्या टोनार्ड आणि व्हेरपाले या सर्जननी पुढे आणली. बऱ्याचदा जागेवर भूल आणि थोडं झोपेचं औषध देऊन होते. जबड्याच्या कडेला लोंबणारे गाल थोडे असतील तर छान उपयोग होतो. मान फार सैल असेल तर मात्र मोठा फेसलिफ्टच लागतो.

हिशोब सोपा आहे. चीर जितकी छोटी, तितका बदल छोटा आणि तितका कमी टिकणारा. यात फसवणूक नाही, फक्त ते आधी सांगायला हवं.

फायदे खरे आहेत

योग्य माणसाला योग्य पद्धत मिळाली तर मिनी फेसलिफ्टचे फायदे खरे आहेत. व्रण लहान, शस्त्रक्रियेचा वेळ कमी, बरेचदा पूर्ण भूल टळते, सूज आणि काळेनिळेपणा साधारण दोन आठवड्यांत उतरतो. परिणाम काही वर्षं टिकतो. चेहरा ‘ओढलेला’ न दिसता झोप झाल्यासारखा ताजा दिसतो. वजन खूप कमी केलेल्यांनाही याचा उपयोग होतो.

पण व्रणाची लाली काही महिने राहते. त्यामुळे लग्न आठ दिवसांवर असताना काहीच करू नका. तीन-चार महिने हातात ठेवा.

कुठे तुटतं?

इथे थोडा इतिहास, आणि तो आपल्याच मातीतला. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैलगाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती लागला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याकडच्या एका पारंपरिक वैद्यानं कपाळाची त्वचा वळवून नवं नाक बसवलं. गंमत यात आहे: ती त्वचा पूर्ण कापली नाही. भुवयांच्या मध्ये एक देठ जोडलेला ठेवला आणि साधारण पंचविसाव्या दिवशी तोडला. कारण रक्तपुरवठा तुटला तर त्वचा मरते.

आजच्या फेसलिफ्टचाही पाया हाच. त्वचा सोडवली की तिचं रक्त कमी होतं. आणि इथे आपला खर्रा मधे येतो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फेसलिफ्टनंतर त्वचा काळी पडून मरण्याचं प्रमाण सुमारे १२ पट आढळलं, असा १९८४ चा एक गाजलेला अभ्यास आहे. खर्रा, नस, गुडाखू, बिडी, सगळ्यांत निकोटिनच. सर्जन निदान चार आठवडे आधीपासून आणि नंतरही काही आठवडे बंद करायला सांगतात. आई चोरून घासत असेल तर डॉक्टरांपुढे लपवू नका. तिथे लाज धरली तर गालावर व्रण राहील.

बाकीचे धोके असे. त्वचेखाली रक्त साठणं ही फेसलिफ्टनंतरची सगळ्यात जास्त दिसणारी गुंतागुंत. बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच होते. वाढलेला रक्तदाब हे मोठं कारण, पुरुषांत प्रमाण अधिक. चेहऱ्याच्या नसेला धक्का बसला तर ओठ किंवा भुवई वाकडी होते. बहुतेकदा ते काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं. कायमची इजा क्वचित, पण होते. कानाजवळ बधिरपणा, जंतुसंसर्ग, कानाची पाळी खाली ओढली जाणं हेही आहे. आपल्या सावळ्या त्वचेवर व्रण जाड होण्याची आणि डाग काळे पडण्याची शक्यता जास्त. आधीची जखम जाड झाली असेल तर ती दाखवा.

थ्रेडमध्ये खळगे, दोन्ही बाजू असमान, धागा टोचणं किंवा बाहेर येणं. मशीनमध्ये भाजणं, गालाची चरबी कमी होणं. आणि फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा पांढरी पडते, तीव्र दुखतं. अगदी क्वचित दृष्टीही जाते. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर असेल तर ते विरघळवणारं औषध आहे, पण ते लगेच द्यावं लागतं.

आपला खास मुद्दा: अंतर

नागपूर गडचांदूरहून जवळपास २०० किलोमीटर. रीलमधली बाई संध्याकाळी घरी जाते, कारण तिचं घर क्लिनिकपासून वीस मिनिटांवर असतं. तुमची आई त्याच संध्याकाळी बसमध्ये बसली आणि वरोऱ्याच्या पुढे एक गाल फुगायला लागला तर? म्हणजे ‘दुसऱ्या दिवशी कामावर’ हे आपल्यासाठी लिहिलेलंच नाही. शस्त्रक्रिया असेल तर निदान दोन-तीन रात्री नागपुरातच मुक्काम करा. फिलर असेल तरी त्या दिवशी परतू नका. खर्चात हे आधीच धरा.

दुसरा मुद्दा सिकलसेलचा. चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार बऱ्याच घरांत आहे. २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासण्या होताहेत. आईची तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. भूल, पाणी कमी पडणं, ऑक्सिजन कमी होणं या सगळ्यांचा सिकलसेलच्या रुग्णावर वाईट परिणाम होतो. भूलतज्ज्ञाला रिपोर्ट दाखवा. साखर, रक्तदाब आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही सांगा. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.

हात कोणाचा?

शस्त्रक्रियेसाठी एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेला सर्जन. मशीन, इंजेक्शनसाठी त्वचारोगाचा एमडी चालतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरची नोंदणी शोधता येते, दोन मिनिटांचं काम आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं केशरोपण आणि सौंदर्योपचारांबद्दल सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. यूट्यूब पाहून आपण रिॲक्ट शिकतो, ठीक आहे. तिथे बग आला तर कुणाचा ओठ वाकडा होत नाही.

फक्त सल्ला हवा असेल तर नागपूरच्या शासकीय मेडिकलमध्येही प्लास्टिक सर्जरी विभाग आहे.

पैशाचं

आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची दुरुस्ती बसते. सौंदर्यासाठीच्या उपचारावर जीएसटीही लागतो. पॅकेजमध्ये तो, औषधं आणि नंतरच्या भेटी धरल्या आहेत का ते विचारा. ‘आजच बुक करा, हप्त्यात भरा’ असं म्हणणाऱ्याकडून त्या दिवशी बाहेर पडा. शस्त्रक्रियेची ऑफर संपत नसते. आणि बिलं, संमतीपत्र जपा. १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते.

क्लिनिकमध्ये विचारायचे सहा प्रश्न (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

१. नेमकं काय करणार: धागा, मशीन, इंजेक्शन की चीर?
२. सुई किंवा चाकू प्रत्यक्ष कोणाच्या हातात असेल?
३. माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या त्वचेच्या किती जणांवर केलंय? फोटो दाखवा.
४. हे किती दिवस टिकेल, आणि नाही आवडलं तर पुढे काय?
५. भूल कोण देणार? आणीबाणीची सोय इथेच आहे का?
६. रात्री दोन वाजता गाल सुजला तर कोणता नंबर लावायचा, आणि उचलणार कोण?

सहाव्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर बाकीच्या पाच उत्तरांचा फारसा उपयोग नाही.

आणि या सगळ्यानंतर आई म्हणाली, “नको बाप्पा, राहू दे,” तरी काही बिघडत नाही. सनस्क्रीन, ओढणी, खर्रा-तंबाखू बंद, पडलेल्या दाताच्या जागी दात. यानं चेहरा वर जाणार नाही, पण पुढची दहा वर्षं तो सावकाश उतरेल. ती करायचं म्हणाली, तर तिच्यासोबत जा आणि मुक्कामाची बॅग भरा.

तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजनं पाठवा. भेटू पुढच्या भागात. येतो मग!