एका आडनावाचा पहारा

जे. बी. प्रीस्टली यांचं ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ हे नाटक ऑक्टोबर १९४६ मध्ये लंडनच्या न्यू थिएटरात आलं. त्याआधी, १९४५ मध्ये, ते सोव्हिएत रशियात होऊन गेलं होतं. लंडनच्या त्या प्रयोगात राल्फ रिचर्डसन इन्स्पेक्टर गूल झाले होते आणि अ‍ॅलेक गिनेस घरातला मुलगा एरिक. तेव्हापासून आजवरची चर्चा बहुतेक गूलभोवतीच फिरत आली आहे : तो माणूस होता, भुताटकी होती, की सदसद्विवेक? मी मात्र दर वाचनात त्या घरातल्या आईपाशी अडते.

काळ १९१२चा. ब्रमली नावाच्या कारखानदारी गावात बर्लिंगांच्या मुलीचा साखरपुडा ठरल्याच्या आनंदात जेवण चाललंय. तेवढ्यात इन्स्पेक्टर येतो आणि सांगतो, की ईव्हा स्मिथ नावाची एक मुलगी जंतुनाशक पिऊन मेली. मग एकेकाचा हात उघड होत जातो. बापाने तिला कारखान्यातून काढलेलं, लेकीने दुकानातून, होणाऱ्या जावयाने काही दिवस सांभाळून सोडून दिलेलं. शेवटी ती पोटुशी असताना शहरातल्या महिलांच्या धर्मादाय संस्थेच्या दारात गेली, आणि तिथे निर्णय देणाऱ्यांत होत्या सिबिल बर्लिंग.

सिबिलबाई नवऱ्यापेक्षा वरच्या घराण्यातल्या, हे प्रीस्टली पहिल्याच रंगसूचनेत सांगून टाकतात. माझ्या मते या बाईंचं सगळं मर्म तिथे आहे. पाहुण्यासमोर नवरा स्वयंपाकाची तारीफ करतो, तर त्या लगेच त्याला टोकतात. असलं बोलायचं नसतं. खालच्या पायरीवरच्या घरात लग्न करून आलेल्या या बाईंनी बर्लिंग हे आडनाव इतकी वर्षं घासूनपुसून लख्ख केलंय. आणि एक अनोळखी, गरीब, पोटुशी मुलगी समितीपुढे उभी राहून स्वतःचं नाव काय सांगते? मिसेस बर्लिंग.

तो उर्मटपणा त्यांना सहन होत नाही. त्या आपलं वजन वापरून अर्ज फेटाळायला लावतात. मुलाच्या बापाने दिलेले पैसे चोरीचे निघाले म्हणून मी ते नाकारले, असं ती सांगते. तेही त्यांना पटत नाही. तसल्या मुलींना कुठली आलीय नीतीची चाड? इन्स्पेक्टरपुढेही त्या ठाम राहतात : मुलाच्या बापाला पकडा, त्याला चारचौघांत जाब विचारा. तो बाप कोण, हे लेक शीला हिच्या आधी लक्षात येतं. ती आईला थांबवू पाहते, पण आई थांबत नाही. मग एरिक आत येतो आणि दुसरा अंक संपतो.

त्या मुलीने घेतलेलं आडनाव खोटं होतं, हे खरं. पण तिच्या पोटात बर्लिंगांचंच मूल होतं. सिबिलबाईंनी ज्या नावाचा पहारा केला, त्याच नावाच्या वारसाला दारातून हाकलून दिलं. या घरात कायदा मोडला तो एरिकने, त्याने पैसे चोरले. आईने सगळं नियमात बसवून केलं. म्हणूनच मला ती अधिक भयंकर वाटते.

१९४६च्या प्रेक्षकांना ही बाई चांगलीच ओळखीची असणार. मदतीला ‘लायक’ गरीब कोण आणि ‘नालायक’ कोण, हे दिवाणखान्यातल्या मंडळींनी ठरवायची रीत इंग्लंडात १८६९ सालच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीपासून पक्की झाली होती. १९४२चा बेव्हरिज अहवाल आणि १९४५चं मजूर सरकार ती मोडायला निघाले होते. १९४६ मध्ये सिबिलबाई रंगमंचावर बसल्या, तेव्हा एक अख्खी व्यवस्थाच कठड्यात उभी होती.

पुढे या नाटकातली ती धग विझली. १९५४च्या चित्रपटात ईव्हा प्रत्यक्ष दिसते, समितीपुढची तिची उलटतपासणीही दिसते. तरी हळूहळू हे नाटक जुन्या काळची नेटकी रहस्यकथा म्हणून पाहिलं जाऊ लागलं आणि आई झाली ठरावीक करारी बाई. १९९२ मध्ये नॅशनल थिएटरात दिग्दर्शक स्टीफन डाल्ड्री यांनी हे साचलेपण झटकून टाकलं. बर्लिंगांचं घर त्यांनी खांबांवर उचललेल्या बाहुलीघरासारखं उभं केलं. खाली ओला रस्ता होता आणि मुक्याने पाहणारी माणसं होती. ते घर कलतं, भांडीकुंडी खळाखळा फुटतात. बार्बरा ली-हंट यांच्या सिबिलबाईंची उंची म्हणजे अक्षरशः त्या खांबांची उंची. २०१५च्या बीबीसी चित्रपटात मिरांडा रिचर्डसन यांनी हीच भूमिका केली.

कोणत्याही प्रयोगात मी एका क्षणाची वाट पाहते. एरिक आईला तोंडावर सांगतो, की तू तिला मारलंस आणि तुझ्या नातवंडालाही. त्यावर तिच्या तोंडून एवढंच निघतं, की मला माहीत नव्हतं. तिथे ती खरोखर मोडते. थोड्याच वेळात तो इन्स्पेक्टर तोतया असावा असा संशय येतो. मग हीच बाई ताठ होते आणि मी एकटीच त्याच्यापुढे वाकले नाही, असं अभिमानाने सांगते. त्या दोन वाक्यांच्या मध्ये नातवंडाचं दुःख कुठे गेलं, हे प्रीस्टलींनी लिहिलेलं नाही. ते प्रत्येक अभिनेत्रीला स्वतःच शोधावं लागतं.