कुठे मोडायचं, ते आधीच ठरलेलं
मोठ्या भूकंपात इमारतीचं नुकसान होणारच असेल, तर ते नेमकं कुठे व्हावं हे अभियंत्याने आधीच ठरवावं. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट पार्क आणि थॉमस पॉले यांनी हा विचार रुजवला. १९७५ साली आलेलं त्यांचं पुस्तक जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासलं.

त्यांचं सूत्र असं: कॉलम बीमपेक्षा भक्कम हवा. बीमची टोकं वाकली, तिथलं पोलाद ताणलं गेलं, तर धक्क्याची ऊर्जा तिथे खर्ची पडते आणि मजले उभे राहतात. कॉलम आधी मोडला, तर वरचं सगळं खाली येतं. म्हणून कॉलममधल्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ हव्यात आणि त्यांची टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली हवीत. साइटवर हमखास दुर्लक्ष होतं ते इथेच!

२२ फेब्रुवारी २०११ रोजी न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च शहर भूकंपाने हादरलं. १८५ माणसं गेली. त्यातली ११५ एकट्या सीटीव्ही इमारतीत. तिच्या कॉलमांत न मोडता वाकण्याची लवचीकता नव्हती. अनेक आधुनिक इमारतींनी मात्र माणसं वाचवली, पण त्या इतक्या तडकल्या की नंतर पाडाव्या लागल्या.

त्यावरचा एक उपाय आधीच तपासला गेला होता. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठात नायजेल प्रीस्टली यांच्या गटाने १९९९ मध्ये पाच मजली प्रतिकृती हलवून पाहिली. तिच्या काही सांध्यांत ताणलेल्या पोलादी केबल होत्या. हादरे थांबले की त्या सांधा पुन्हा जागेवर खेचतात.

कॉलम बीमपेक्षा भक्कम हवा, हे सूत्र भारतातही आहे: आयएस १३९२० हे मानक २०१६ पासून कॉलमांची एकत्रित ताकद बीमांच्या किमान १.४ पट मागतं.