कोरी नसलेली तबकडी

उन्हाळ्याच्या सुटीत आर्णीच्या आमच्या शाळेतली कपाटे आवरताना एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात तळहातावर मावतील अशा अकरा लहान तबकड्या होत्या. वेष्टनांवर पेनाने लिहिले होते : 'स्नेहसंमेलन २००७', 'कंबलपोष बाबांची यात्रा', 'सरांचा निरोप'. ज्या मुख्याध्यापकांचा तो निरोप समारंभ, ते आज हयात नाहीत आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही टिपलेला नाही. आम्ही ती तबकडी संगणकात घातली. पडद्यावर मजकूर आला, तबकडी कोरी आहे. फॉरमॅट करायची का?

सुदैवाने आम्ही 'नाही' म्हटले. तबकडी कोरी नव्हती. मग संगणकाला ती कोरी का वाटली?

तबकडीवर असते काय?

२००० सालापासून पुढची दहाएक वर्षे थेट डीव्हीडीवर चित्रण करणारे कॅमेरे मिळत. त्यांतली तबकडी ८ सेंटिमीटर व्यासाची. नेहमीच्या १२ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट माहिती मावते, तर या छोटीवर सुमारे १.४ अब्ज. तबकडीच्या पोटात रंगद्रव्याचा पातळ थर असतो. कॅमेऱ्यातला लेसर त्यावर सूक्ष्म खुणा उमटवतो. खुणांची वाट आतून बाहेर नागमोडी नव्हे, तर उदबत्तीच्या वेटोळ्यासारखी जाते. दोन वेढ्यांमधले अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत साधारण शंभर वेढे बसतात!

आता थोडे गणित करू. चित्राच्या एका चौकटीत ७२० × ५७६ चित्रबिंदू आणि सेकंदाला २५ चौकटी. प्रत्येक बिंदूला तीन रंगांसाठी ३ बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे ३.११ कोटी बाइट होतात. या हिशेबाने तबकडी अवघ्या ४५ सेकंदांत भरेल. प्रत्यक्षात मात्र तिच्यावर अर्ध्या तासाचे चित्रण बसते. हे कसे?

सभागृहात वक्ता बोलत असताना मागचा पडदा आणि टेबल जागचे हलत नाहीत. मग ते दर चौकटीत नव्याने का लिहायचे? साधारण अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण चित्र लिहायचे आणि मधल्या चौकटींसाठी फक्त 'काय बदलले' एवढेच नोंदवायचे. डोळ्याला न जाणवणारे बारकावेही गाळायचे. या पद्धतीला एमपेग-२ म्हणतात.

अनुक्रमणिका राहून गेली

एखाद्या जाड वहीत सुरुवातीची काही पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडावीत आणि पुढे लिहीत जावे, तसे कॅमेरा करतो. चित्रण संपल्यावर 'फायनलाइज' ही आज्ञा दिली, की तो सोडलेल्या जागेत अनुक्रमणिका भरतो आणि शेवटी समाप्तीची खूण करतो. त्या वेळी बॅटरी संपली किंवा घाईत आज्ञा द्यायची राहिली, तर मजकूर आहे, पण अनुक्रमणिका नाही अशी स्थिती होते. संगणक पहिली पाने उघडतो आणि वही कोरी ठरवतो. अशा तबकडीवर 'फॉरमॅट' केले, तर असलेला मजकूरही हातचा जाऊ शकतो.

मूळ कॅमेरा चालू असेल तर उपाय सोपा. तबकडी त्यात घालून फायनलाइज करावी. कॅमेरा चार्जरला जोडलेला आणि बॅटरीही पूर्ण भरलेली असावी, कारण मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहते. कॅमेरा नसेल तर आयसोबस्टरसारखी प्रणाली वापरावी. ती अनुक्रमणिकेवर विसंबून न राहता तबकडीवरच्या खुणा तपासून चित्रणाचे तुकडे शोधते. एका ड्राइव्हने तबकडी ओळखली नाही, तर दुसऱ्यात घालून पहावी. आमचे काम जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने केले. मात्र ज्या ड्राइव्हला ट्रे नसून नुसती फट असते, तिच्यात छोटी तबकडी घालू नये, ती अडकते. ट्रेच्या मधोमध लहान तबकडीसाठी वेगळा खोलगट गोल असतो, तिथेच ती ठेवावी.

भांडे बदलणे आणि पदार्थ बदलणे

फायनलाइज झालेली तबकडी उघडली, की 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर दिसतो. त्यातल्या व्हीओबी फाइलींत चित्र व आवाज असतो, आयएफओ फाइली म्हणजे अनुक्रमणिका आणि बीयूपी ही तिची जादा प्रत. एक व्हीओबी १ गिगाबाइटपेक्षा मोठी नसते, म्हणून लांब चित्रण दोन फाइलींत विभागलेले असू शकते. ते क्रमाने जोडावे लागते.

सर्वप्रथम संपूर्ण तबकडीची जशीच्या तशी प्रत, म्हणजे आयएसओ फाइल, संगणकावर घ्यावी. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. नंतर दोन वाटा आहेत. मेकएमकेव्ही किंवा एफएफएमपेग वापरून तेच चित्रण एमकेव्ही फाइलीत ठेवता येते. हे नुसते भांडे बदलणे. दूध तेच राहते. मोबाइलवर सहज चालावे म्हणून हँडब्रेकने एमपी४ केले, तर चित्र नव्याने आकुंचित होते आणि थोडा बारकावा जातो. म्हणून जपण्यासाठी पहिली प्रत, वाटण्यासाठी दुसरी.

काही वेळा हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. जुन्या टीव्हीसाठी चित्राच्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात, त्याचा हा परिणाम. वाटायच्या प्रतीत 'डीइंटरलेस' हा पर्याय निवडावा. चेहरे लांबट दिसले, तर चित्राचे प्रमाण ४:३ किंवा १६:९ यांपैकी योग्य ते ठेवावे.

ओरखडे आणि ऊन

तबकडी पुसताना मऊ कापड केंद्राकडून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याचा थोडाच भाग खराब करतो आणि तेवढी चूक ड्राइव्ह जादा नोंदींच्या आधारे दुरुस्त करतो. गोल ओरखडा वाटेच्या दिशेनेच जातो आणि सलग मजकूर पुसतो. हट्टी तबकडीसाठी डीडीरेस्क्यू उपयोगी पडते. ती आधी चांगले भाग उचलते आणि अवघड जागांकडे नंतर पुन्हा पुन्हा वळते. रंगद्रव्याचा शत्रू म्हणजे ऊन, उष्णता आणि दमट हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो. टिनाच्या छपराखालचे कपाट ही तबकड्यांची जागा नव्हे.

आमच्या तबकडीतून २६ मिनिटांचे चित्रण निघाले. एका ठिकाणी काही सेकंद चित्राचे चौकोन झाले, पण सरांचे भाषण अखंड आहे. त्याच्या प्रती आता दोन वेगळ्या घरांत, दोन हार्ड डिस्कवर आहेत.

नव्या संगणकांत डीव्हीडी ड्राइव्ह सहसा नसतो आणि जुने एकेक करून बंद पडत आहेत. तुमच्या शाळेच्या कपाटातही असा डबा असेल, तर तो याच सुटीत उघडा.

विद्यार्थ्यांसाठी : छोट्या तबकडीवरचे चित्रण २४ ते ३८ मिलिमीटर त्रिज्येच्या पट्ट्यात असते. या पट्ट्याच्या क्षेत्रफळाला ०.०००७४ मिलिमीटरने भागा. खुणांची वाट किती लांब आहे, ते कळेल. उत्तर साडेतीन किलोमीटरांहून अधिक यायला हवे.